परदेशी शिकायला निघालेल्या सीमाभागातल्या मुलांचे आणि त्यांच्या आई-बाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. गावात मराठी शाळा, मग बेळगावात पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) आणि इंजिनिअरिंग, त्यानंतर जर्मनीत माग्डेबुर्गला दोन वर्षं मास्टर्स. आता पुन्हा बेळगावात राहते. दरवर्षी जून-जुलै आला की फोन सुरू होतात. कधी टिळकवाडीतून, कधी निपाणीहून, कधी ओळखीच्या कुणाच्या तरी शेजाऱ्यांकडून. आधी व्हिसा, बँक, तिकीट यांची चौकशी होते आणि फोन ठेवता ठेवता खरा प्रश्न येतो, "ताई, तिथं निभावेल ना?" त्या एका प्रश्नाच्या पोटात जे बाकीचे प्रश्न असतात, त्यांची उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत.

तग धरणं म्हणजे गप्प सोसणं का?

नाही. पुढचं सगळं याच उत्तरावर उभं आहे, म्हणून ते आधी सांगते.

आपल्या घरांत सोसणाऱ्या माणसाचं कौतुक होतं. "पोरीनं कधी हूं की चूं केलं नाही" हे आपल्याकडचं मोठं प्रशस्तिपत्र. गावात ते चालून जातं, कारण तुम्ही बोलला नाहीत तरी चेहरा बघणारी दहा माणसं आजूबाजूला असतात. दोन दिवस अंगणात दिसला नाहीत तर शेजारची काकू दार वाजवते. परदेशात तुमचा चेहरा बघणारं कुणी नसतं. तिथं गप्प राहिलात तर कुणालाच काही कळत नाही.

एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, भांडणं, आजारपण अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं तरीही धडधाकट, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्यात जी गोष्ट पुन्हा पुन्हा सापडली ती साधी होती: त्यांच्या आयुष्यात किमान एक तरी भरवशाचं माणूस होतं. आई-बापच असं नाही. आजी, शेजारी, शिक्षक, कुणीही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, "जिला किंवा ज्याला 'मला जमत नाहीये' असं एका वाक्यात सांगू शकशील, असं एक माणूस इथलं आणि एक तिथलं, कोण?" इथलं नाव बहुतेकांकडे असतं. तिथलं नाव पहिल्या दोन महिन्यांत मिळवायचं असतं.

आम्ही मराठी शाळेतले. इंग्रजी कच्चं आहे. निभाव लागेल का?

लागेल. तुम्ही समजता त्यापेक्षा तुमची तयारी जास्त झालेली आहे, हे मी मन राखायला म्हणत नाही.

लहानपणी खानापूरच्या स्टँडवर बसच्या पाट्या कानडीत असायच्या. मला अजून कानडी वाचता येत नव्हतं, पण जांबोटीची बस मी बरोबर ओळखायची. अक्षर वाचून नाही, पाटीवरचा आकार बघून. पुढे शाळेत कानडी शिकले आणि एक दिवस तो आकार अचानक शब्द झाला. माग्डेबुर्गला उतरल्यावर ट्रामच्या पाट्यांवरची अक्षरं इंग्रजीचीच होती, पण शब्द कळत नव्हते. पहिले आठ दिवस त्या पाट्या मी तशाच आकारावरून ओळखल्या. शेजारी उभा असलेला दिल्लीचा मुलगा घाबरून गेला होता, त्याच्या आयुष्यात न कळणारी पाटी पहिल्यांदाच आली होती. मला ती घालमेल ओळखीची होती आणि ती संपते हेही ठाऊक होतं.

घरात मराठी, कचेरीत कानडी, टीव्हीवर हिंदी, कॉलेजात इंग्रजी, गोव्याच्या नातेवाइकांशी कोकणी. इथलं मूल रोज चार उंबरठे ओलांडतं. कचेरीतला फॉर्म कळला नाही तर बाजूच्याला विचारायचं, चुकत बोलायचं, समोरचा हसला तरी काम करून घेऊनच निघायचं. परदेशात नेमकं हेच लागतं. फक्त इथं आपण ते नाइलाजानं करतो आणि त्याची थोडी लाज बाळगतो. ती लाज विमानतळावर सोडून जा.

इंग्रजीसाठी एकच सांगते. वर्गातलं इंग्रजी दीड-दोन महिन्यांत कानाला बसतं. बोलताना अडलात तर "पुन्हा सांगाल का, जरा सावकाश" हे वाक्य न संकोचता वापरा. मी पहिल्या सत्रात ते रोज वापरलं. जर्मनीत मास्टर्स इंग्रजीत असलं तरी दुकान, घरमालक, सरकारी कचेरी जर्मनमध्येच चालतात. जायच्या आधी जर्मनच्या प्राथमिक दोन पातळ्या केल्यात तर पहिल्या हिवाळ्यात अर्धा ताण कमी होईल.

घरची आठवण किती दिवस छळते?

याचं ठरलेलं वेळापत्रक नाही. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं १९६० साली परक्या संस्कृतीत होणाऱ्या या घालमेलीवर लिहिलं आणि तिच्या पायऱ्या मांडल्या: आधी सगळं नवलाईचं वाटतं, मग सगळ्याचा राग येतो, मग हळूहळू घडी बसते. त्याआधी १९५५ मध्ये नॉर्वेच्या लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या दोनशे देशबांधवांना विचारलं, तेव्हा सहा ते अठरा महिने राहिलेल्यांची अवस्था जास्त अवघड दिसली. नंतरच्या अभ्यासांत सगळ्यांचा आलेख तसाच निघाला नाही. काहींना पहिलाच आठवडा सर्वांत जड जातो.

पण त्यातली एक गोष्ट मी स्वतः अनुभवली आणि माझ्याकडे आलेल्या बऱ्याच मुलांकडून ऐकली आहे. पहिला महिना बरा गेला म्हणून सुटलो असं समजू नका. मला खरं कोसळल्यासारखं झालं ते तिसऱ्या महिन्यात. लावणी केलेलं भाताचं रोप पहिले काही दिवस पिवळं पडतं, मान टाकतं. रोज बांधावर जाऊन ते उपटून बघत बसलं तर ते मूळ धरणार नाही.

कुंदा नेता येतो का?

युरोपीय संघातल्या देशांत नाही. भारतातून खासगी सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथं बंदी आहे. म्हणजे कुंदा, पेढे, तूप, खवा घालून केलेलं काहीही नाही. ब्रिटनमध्येही तोच नियम आहे. ऑस्ट्रेलियात तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना जाहीर करावी लागते, लपवलीत तर जबर दंड होतो. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, कांदा-लसूण मसाला, पापड, भडंग, मेतकूट, लाडू करायचे तर तुपाऐवजी तेलातले, असं न्या. कढीपत्त्याची ताजी पानं नेऊ नका, वाळवून पूड करा.

आणि चार पदार्थ स्वतः करायला शिकून जा. मुलग्यांनाही सांगते आहे. आमटी, भात, एक भाजी, एक भाकरी किंवा पोळी. हा पोटाचा प्रश्न आहेच, पण कोलमडलेल्या दिवशी हाताला करण्यासारखं एक काम असणं हा मोठा आधार असतो. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा. तिथल्या खोल्यांत धुराचा अलार्म असतो आणि मोहरी तडतडली की तो वाजू शकतो.

जायच्या आधी काय उरकावं?

नाव. आपल्याकडच्या बऱ्याच मार्कशीटवर आडनाव नसतं, नुसतं वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, कार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. कानडीतून इंग्रजीत येताना मराठी आडनावांचं रूप बदलतं. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर तुमचं नावच आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे 'नाव माहीत नाही', असं छापलं जातं. मग बँक, विमा, विद्यापीठ, सगळीकडे तेच चिकटतं. परक्या देशात आधीच सगळं सैल असताना आपलं नावही आपलं नाही असं वाटणं फार बोचतं. वेळ आहे तोवर सगळीकडे एकच नाव करून घ्या.

जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. ते यायला वेळ लागू शकतो, अर्ज लवकर करा.

पैशांचा हिशोब आई-बाबांसमोर बसून, कागदावर करा. जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरलेली रक्कमच काढता येते असं खातं) २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. त्यातून भाडं, आरोग्यविमा आणि खाणं वजा करून काय उरतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर लिहा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यापासून सुरू होणार आणि तोवर व्याज किती साठणार, हेही. शेत किंवा घर तारण ठेवलेलं असेल तर मुलाला ते माहीत असतं, पण त्यावर घरात कुणी बोलत नाही. मग तो आकडा त्याच्या छातीवर बसतो आणि तो आजारी असतानाही कामाला जातो. बोललेला आकडा हलका होतो असं नाही, पण तो एकट्याचा राहत नाही.

पार्ट टाइम काम करून सगळा खर्च निघेल असं एजंट सांगतात. खरं का?

मलाही असंच सांगण्यात आलं होतं. पहिले चार महिने मला काम मिळालं नाही. त्या चार महिन्यांत मी स्वतःला नालायक समजत होते. दोष माझ्यात नव्हता, तो मला दिलेल्या माहितीत होता.

कायद्यानं किती काम करता येतं ते आधी समजून घ्या. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. ब्रिटनमध्ये पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. कॅनडात २०२४ च्या नोव्हेंबरपासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. अमेरिकेत सत्र चालू असताना कॅम्पसवरच २० तास. नियम बदलतात, म्हणून निघताना त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा बघून घ्या. "रोख देतो, कागदावर नको" असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. एक चूक व्हिसावर येते आणि अशा जागी मजुरी बुडाली तर भांडताना हातात पुरावा नसतो.

हाताशी किमान सहा महिन्यांचा खर्च असल्याशिवाय निघू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ते जमत नसेल तर एक वर्ष थांबा, इथं नोकरी करा. वर्षभर थांबल्यानं काही बिघडत नाही.

मी इथं कायम पहिल्या पाचात. तिथं नापास झाले तर?

पहिल्यांदा तिथली मोजपट्टी समजून घ्या. ब्रिटनमध्ये मास्टर्सला ५० ला पास आणि ७० ला डिस्टिंक्शन. आपल्याकडे ६५ पडले की घरात स्मशानशांतता पसरते, तिथं ६५ चांगले मार्क आहेत. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० ला जेमतेम पास, ५.० नापास. हे आई-बाबांनाही समजावून जा, नाहीतर "चार पडले" म्हटल्यावर फोनवर भलताच गोंधळ होईल.

जर्मनीत पुष्कळ विषयांत सत्राच्या शेवटची एकच परीक्षा असते. सबमिशनचे आणि इंटर्नलचे मार्क जोडून तरून जाता येत नाही. एका विषयासाठी साधारण तीन प्रयत्न मिळतात. तिन्ही गेले तर अभ्यासक्रमातूनच नाव कटू शकतं. मी पहिल्या सत्रात एका विषयात नापास झाले. प्राध्यापकांकडे जायला मला तीन आठवडे लागले, कारण आपल्याकडे शंका विचारणारा मुलगा कच्चा समजला जातो. ते तासभर बसले, माझा पेपर उघडून कुठे काय चुकलं ते दाखवलं आणि मला आश्चर्य वाटलं म्हणून त्यांना आश्चर्य वाटलं. भेटीची वेळ दारावर लिहिलेली असते. ती तुमच्यासाठीच असते.

आजारी असाल, मन ठीक नसेल, तर ते परीक्षेच्या आधी कळवायचं असतं. बहुतेक ठिकाणी डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा लागतो. निकाल लागल्यावर सांगितलेलं कारण फारसं ऐकलं जात नाही. आणि दुसऱ्याचं लिखाण संदर्भ न देता उतरवणं ही तिथं चोरी समजतात, अगदी एक परिच्छेद असला तरी.

हिवाळ्याचा एवढा बाऊ का करतात?

बाऊ नाही. डिसेंबरात माग्डेबुर्गला सकाळी आठनंतर उजाडतं आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मधले तासही बहुधा ढगात जातात. खानापूरला आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, पण तेव्हा शेतात माणसं असतात, लावणीची गडबड असते. तिथं सगळं निःशब्द.

डिसेंबरातला एक मंगळवार मला जसाच्या तसा आठवतो. हीटरवर मोजे वाळत घातलेले. टेबलावर ब्रेडचं पाकीट आणि घरून आणलेल्या चटणीचा डबा, तळाला दोन चमचे उरलेली. संध्याकाळचे पाच, म्हणजे घरी साडेनऊ. आईचा फोन.

"जेवलीस काय?"

"जेवले की."

"काय केलीस?"

"आमटी-भात."

तांदूळ संपून चार दिवस झाले होते. दुकान सात मिनिटांवर होतं. मी अंथरुणात होते आणि आदल्या दिवसापासून खोलीबाहेर पडले नव्हते. आईनं समाधानानं फोन ठेवला. ते समाधान मला सहन झालं नाही, आणि तेव्हाच मला कळलं की आता हे माझ्या एकटीच्या हातातलं राहिलेलं नाही.

दोन दिवसांनी मी विद्यार्थी समुपदेशन केंद्रात गेले. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठीच्या सेवा संस्था असं केंद्र चालवतात, बहुतेक ठिकाणी फुकट, आणि इंग्रजीत बोलता येतं. तिथल्या बाईंनी तीन गोष्टी विचारल्या. किती वाजता उठतेस? शेवटचं गरम जेवण कधी जेवलीस? शेवटचं समोरासमोर कुणाशी बोललीस? तिसऱ्या प्रश्नाला मला बराच वेळ लागला. उत्तर होतं, पाच दिवसांपूर्वी, दुकानातल्या कॅशियरशी.

त्यांनी सांगितलेलं आणि मला उपयोगी पडलेलं सांगते. ढग असले तरी दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास बाहेर चालायचं. भारताच्या वेळेनुसार रात्री जागायचं नाही. दिवसातलं एक जेवण मेसमध्ये, माणसांत बसून. ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यायची, मनानं गोळ्या सुरू करायच्या नाहीत. फेब्रुवारीत मी पुन्हा माणसात आले.

समुपदेशकाकडे गेल्याचं व्हिसा कचेरीला कळतं का? घरी कळवतात का?

दोन्ही नाही. विद्यापीठातलं समुपदेशन गोपनीय असतं. प्राध्यापकांना, आई-बाबांना किंवा व्हिसा खात्याला ते कळवत नाहीत. जिवाला धोका असेल तेव्हाच तो नियम बाजूला ठेवतात. मात्र शिक्षणातून मध्येच सुट्टी घ्यायची असेल तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात विचारा, कारण हजेरी आणि नोंदणी व्हिसाशी जोडलेली असते.

रात्री-अपरात्री फारच वाईट विचार आले तर?

सकाळची वाट बघू नका. खालचे नंबर आत्ताच फोनमध्ये घाला.

जर्मनी: ०८०० १११ ० १११. ब्रिटन आणि आयर्लंड: ११६ १२३. अमेरिका आणि कॅनडा: ९८८. ऑस्ट्रेलिया: १३ ११ १४. इंग्लंडमध्ये १११ लावून दुसरा पर्याय निवडला की मानसिक आरोग्याची मदत मिळते. जिवावर बेतलं असेल तर थेट आणीबाणीचा नंबर: जर्मनी ११२, ब्रिटन ९९९, अमेरिका-कॅनडा ९११, ऑस्ट्रेलिया ०००.

इथं भारतात आई-बाबांसाठी टेली-मानस आहे, १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीतही आणि कानडीतही बोलता येतं. लेकराच्या काळजीनं झोप उडाली असेल तर तुम्हीही तो लावू शकता.

तिथं आपली माणसं कुठे भेटतात?

मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत. लंडनचं १९३२ पासूनचं आहे, अमेरिकेत-कॅनडात बृहन्महाराष्ट्र मंडळाखाली गावोगावची मंडळं येतात. गणपतीला, दिवाळीला जरूर जा. पण रोजचं माणूस तिथं मिळेलच असं नाही.

माझं रोजचं माणूस धारवाडची मुलगी होती. आमच्या मजल्यावर राहायची. दार उघडलं की "ऊटा आयता?" जेवण झालं का, एवढंच. १ नोव्हेंबर जवळ आला तशी मला धास्ती वाटू लागली. त्या दिवशी तिच्या घरी कर्नाटक राज्योत्सव आणि माझ्या घरी काळा दिवस. त्या संध्याकाळी तिनं ज्वारीच्या पिठाचा डबा काढला आणि आम्ही दोघींनी मिळून थापल्या. ती रोट्टी म्हणाली, मी भाकरी. जेवताना तिनं विचारलं आणि माझ्या आजोबांनी सीमाप्रश्नात काय भोगलं ते मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. माझं मत बदललं नाही, तिचंही नसेल. पण डिसेंबरात मी खोलीबाहेर येत नाही हे ओळखून समुपदेशन केंद्राचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवणारी तीच होती.

एक गोष्ट दर आठवड्याला करा, जिथं तुम्ही गेला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येईल. क्रिकेट, ग्रंथालयातला गट, भाषेचा वर्ग, काहीही.

रंगावरून, देशावरून कुणी बोललं तर?

हसून सोडून द्यायची सक्ती तुमच्यावर नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा. मग तारीख, वेळ, जागा, शब्द, साक्षीदार लिहून ठेवा. विद्यापीठात तक्रारीसाठी कक्ष असतो. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे, जर्मनीत केंद्र सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय फुकट सल्ला देतं. हात उचलला गेला तर पोलीस. आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

मध्येच परत यावंसं वाटलं तर लोक काय म्हणतील?

लोक आठ दिवस बोलतील. निर्णय मात्र परीक्षेच्या आठवड्यात, आजारपणात किंवा भर हिवाळ्यात घेऊ नका. समुपदेशक, विद्यापीठाचा कक्ष आणि घरचं एक माणूस, या तिघांशी बोलून झालं की घ्या. त्यानंतरही यावंसं वाटलं तर या. मी ओळखते असा एक मुलगा सात महिन्यांनी परत आला आणि आता हुबळीत चांगली नोकरी करतो आहे. वडिलांनी त्याला सांबऱ्याच्या विमानतळावरून आणलं, गाडीत एकही प्रश्न विचारला नाही, वाटेत चहाला थांबवलं. तो म्हणतो, मला तेवढंच हवं होतं.

घरी काही वाईट झालं तर मुलाला लगेच कळवावं का?

कळवावं. निघण्याआधीच दोन्ही बाजूंनी हे ठरवून घ्या.

माझी आज्जी गेली तेव्हा माझी परीक्षा सुरू होती. घरच्यांनी तीन दिवस कळवलं नाही. मी रोज रात्री विचारायची आणि आई म्हणायची, "आज्जी झोपलीया." शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तेव्हा मामांचा फोन आला. मी आईवर कधी ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. मग मला तो मंगळवार आठवला. मीही तिला आमटी-भात सांगितलाच होता. आम्ही दोघी एकमेकींना जपत होतो आणि त्यात दोघीही एकट्या पडलो होतो.

म्हणून ठरवा: कोण कळवणार, किती तासांत, यायचं की नाही हे कोण ठरवणार. एका तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा. बाहेर पडून पुन्हा आत येता येईल असा व्हिसा किंवा परवाना आहे का ते तपासा. येता आलं नाही तर दिवसकार्याच्या वेळी फोन कॅमेरा चालू करून कोपऱ्यात ठेवायला सांगा. मी बाराव्याला तसं बसले होते.

आम्ही रोज फोन करावा का? काय विचारावं?

पहिला महिना रोज पाच मिनिटं, मग आठवड्यातून दोन-तीनदा ठरलेल्या वेळी. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. ब्रिटन साडेपाच आणि साडेचार.

"जेवलीस काय?" याला "हो" हेच उत्तर येतं. त्याऐवजी "आज कुणाशी बोललीस?" असं विचारा. आणि विचारायच्या आधी स्वतःचं खरं सांगा.

माझा धाकटा भाऊ आता आयर्लंडला आहे. रविवारी फोन लागला की आई आधी घरचं सांगते: बाबांची शुगर किती आली, कुठली म्हैस आटली, आज्जीची खोली अजून झाडायला जीव होत नाही. मग थांबते. गेल्या रविवारी तो म्हणाला, "आई, या आठवड्यात मला काही जमलं नाही." आईनं टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाली, "सांग."